बुधवारचा वर्ग

स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन माहितीपत्रकं,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर साखरेचा डबा.
पहिलं टपालानं शिकवणारं;
रात्री, घरबसल्या, कुणाला न सांगता
माळी होता येतं म्हणे.
दुसरं मोठ्या बागेतलं, वर्षभर तिथंच राहून.
फोटोतली सगळी पोरं आमच्या इफानच्या वयाची,
गुडघा न वाजवता मातीत बसणारी.
तिसरं दर बुधवारी, दोन वर्षं.
एक बस, मग दहा मिनिटं चढ.

नेरिस आकडेमोड करते.
घराचा हप्ता, पेन्शन, इफानची फी.
'बरोबर'चं बटण दाबण्याआधी
तिचं बोट जरा थांबतं.
या विषयावर आमचं भांडण झालं ते एवढंच.

एकोणीस वर्षं मी विम्याचा माणूस.
नदी घरातून निघून गेली
की दुसऱ्या दिवशी माझी गाडी दारात.
भिंतीवर पाणी कुठवर चढलं ते टेप लावून मोजायचं.
गालिचा: बाद.
पियानो: बाद.
लग्नाचा अल्बम: याला रकाना नाही.
चिखलातून किटली शोधत लोक मला चहा विचारायचे
आणि मी नको म्हणायचो, नियम म्हणून.

त्यातलंच एक घर म्हाताऱ्या ग्विलिमचं.
खोल्या दाखवायचं सोडून
त्यानं मला मागच्या दारी नेलं.
कमरेइतक्या गाळात नासपतीचं झाड.
मी म्हटलं, बाग पॉलिसीत बसत नाही.
तो म्हणाला, पैसे कोण मागतंय?
मी विचारतोय, हे जगेल का?

मी वही उघडली. वही मिटली.
मार्चमध्ये मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो;
घर विकायला काढलेलं, कुंपण नवं, उंच.
त्यापलीकडचं दिसलं नाही.

म्हणून त्या शनिवारी कॉलेज बघायला गेलो,
असं मी नेरिसला सांगितलेलं नाही.
तिला म्हटलं, व्यायाम होईल.

काचघरात आम्ही सहाजण.
रात्रपाळी उरकून आलेली एक नर्स, जांभया देत;
जहाजावरून उतरलेला एक स्वयंपाकी;
बाकीचे माझ्यासारखे, नवेकोरे बूट घालून.
मिसेस प्रॉथेरोंनी वीतभर काडी माझ्याच हातात दिली.
"जिवंत की मेलेली?"
तोंडातून सवयीनं निघालं: "बाद."
कुणी हसलं नाही.
"नखानं खरवडा."
तपकिरी.
"खाली."
तपकिरी.
"अजून खाली हो, घाबरताय काय!"
आणि तिथं, पार बुडाशी,
ओलं, हिरवं, नखाच्या कोरीएवढं.
"म्हणजे तुमचं अर्धं बरोबर," त्या म्हणाल्या,
"वरचं कापा."
आणि काडी घेऊन नर्सकडे वळल्या.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडला:
दोन वर्षांनी माझं वय एकोणपन्नास,
हाताखाली कुणाची तरी हिरवळ, पगार निम्मा,
पाठीचं दुखणं फुकट.
लॅटिन नावं पाठ होतील का?
पॉलिसींचे अकरा आकडी क्रमांक
झोपेत म्हणू शकणाऱ्याला
काय अवघड आहे, असंही वाटलं.
मग वाटलं, आहे.

अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना.
मी 'काही नाही' लिहिलं.
नेरिसनं खांद्यावरून वाचलं,
पेन ओढून घेतलं, ते खोडलं
आणि वर लिहिलं: नुकसान, एकोणीस वर्षं.
"थट्टा करू नकोस," मी म्हटलं.
"थट्टा कोण करतंय?" ती म्हणाली,
आणि साखरेच्या डब्याखालची
उरलेली दोन पत्रकं रद्दीत टाकली.

काल रात्रीपासून पाऊस लागलाय.
आत्ताच ऑफिसचा फोन:
वरच्या गावात नदी पुलाला टेकलीय,
आठवडाभर घरं बघावी लागतील.
येतो, म्हटलं. उद्या येतो, परवाही येतो.
एवढंच, की बुधवारी मला धरू नका.

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही.
मी बूट दाराशी काढून ठेवले,
नवेच होते अजून.