सहीची जागा

फॉर्मवर चार रकाने: सेवा, कौशल्य, व्यायाम, मोहीम.
खाली माझ्या सहीसाठी एक आडवी रेघ.
भूगोलाची बाई मी. दरवर्षी पोरांना
ढगांत घुसलेल्या डोंगरावर न्यायचं
आणि मुद्दाम थोडं हरवू द्यायचं, हे माझं काम.
त्या वर्षी डोंगरालाच कुलूप होतं.

आमच्या वेल्समधल्या या गावात अंगण म्हणजे
कोळशाची खोली, कपड्यांची दोरी आणि उरलेली हिरवी पट्टी.
येस्टिननं तिथे तंबू ठोकला.
नियमाप्रमाणे नकाशा काढला, दिशा लिहिल्या:
उत्तरेला स्वयंपाकघर, पूर्वेला शेजाऱ्यांचं मांजर.
दोरीपासून भिंतीपर्यंत नऊ पावलं;
चोवीस किलोमीटर भरायला तीन दिवस लागले.
गवत मेलं तिथलं. ती वाट अजून दिसते.

दुसऱ्या सकाळी आई आली
वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून,
गालांवर मास्कचे वळ.
पायरीवर बसली, लांबच.
त्यानं छोट्या स्टोव्हवर सूप गरम केलं,
मग दोघांच्या मध्ये ठेवला, मागे सरला.
मोहिमेच्या वहीत नोंद आहे:
"सात चाळीस. एक वाटसरू भेटली. दमलेली.
नाव विचारलं नाही."

हेलेदची सेवा फोनवर. दर मंगळवारी एक तास,
एम्रिस प्यू, वय एक्क्याण्णव,
पाटीच्या दगडाच्या खाणीतला जुना माणूस.
हिनं पेपर वाचून दाखवायचा, असं ठरलं होतं.
पण बोलायचा तोच. छपरावरच्या पाट्यांची नावं सांगायचा:
लहान ती लेडी, तिच्याहून मोठी काउंटेस, मग डचेस.
"आयुष्यभर सरदारणी चिरल्या मी, पोरी,
एकीनंही कधी चहा विचारला नाही."

तेरा तास हवेत.
बारा ओळींत तारीख, वेळ, विषय.
तेराव्या ओळीत तिचं बारीक अक्षर:
"फोन वाजत राहिला. मी तासभर थांबले."

नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं.
त्यात वादळ होतं, मोडलेला पाय होता,
रस्ता चुकलेला गट होता.
हे नव्हतं.
सही केली, आणि पेन तसंच धरून बसले.

सप्टेंबरात बिल्ले आले, पाकिटांतून.
दारोदार फिरले मी: उंबऱ्यावर ठेवायचं, बेल वाजवायची,
आणि चोरासारखं फाटकापर्यंत पळायचं.
हेलेदनं दारातूनच विचारलं,
"बाई, यातला थोडा त्यांच्या नावावर करता येतो का?"
मी मान हलवली.
मास्कमागून तिला काय दिसलं, कोण जाणे.

टिडिरचा फॉर्म मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे.
नाव लिहिलंय, पुढे कोरी पाटी.
बापाचं काम सुटलं, तेव्हा हा
सुपरमार्केटच्या आवारात ट्रॉल्या ढकलायचा,
पावसात, सहा महिने.
कुठल्या रकान्यात बसतं ते?
खण उघडला की मी अजून
पेनाचं टोपण काढून बघते.