ठराव क्रमांक सात

ग्रामसभेत माझी कामं दोन:
सतरंजी टाकणे आणि हात मोजणे.
बाकीचं गाव ठरवतं.

त्या दिवशी विषय होता
डोमाजी कापगतेच्या हॉटेलात
विडी-सिगरेट बंद करावी का.
हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी,
आलूबोंड्याची परात,
आणि टिनाच्या पोटाला चिकटलेला वीस वर्षांचा धूर.
बोट फिरवलं तर नाव लिहिता येईल इतका.

नांदेश्वर मास्तर उभे झाले.
शाळेच्या फाटकापासून हॉटेल चौऱ्याऐंशी पावलं,
स्वतः मोजून आले होते,
एका पायानं लंगडतात, तेव्हा जरा कमी-जास्त धरा.
"पोरं पाहतात," म्हणाले.
मागून कोणीतरी,
"पोरायच्या खिशात खर्रा हाय मास्तर,
तो कोण पाहील?"
हसू सतरंजीभर फिरून
परत मास्तरांपाशी आलं. ते खाली बसले.

मोडकू भेंडारकर, रोजचे दोन कट्टे ओढणारा,
म्हणाला, बंदच करा.
"तिथं सुटली तं घरी बी सुटल माई."
रुषी हत्तीमारे जन्मात विडीला शिवला नाही,
तो म्हणाला, कायले बंद?
माणूस दिवसभर धानात वाकते,
त्यानं कंबर कुठं सरळ कराव?
मला वाटलं, मागल्या सभेतून निघताना
दोघांनी एकमेकांचं मत
चुकून घरी नेलं असेल,
चपला नेतात तसं.

हात वर करा, सरपंचबाई म्हणाल्या.

बंद करा म्हणणारे एकतीस.
त्यातल्या अकरा हातांच्या दोन बोटांत पिवळा डाग.
मी जवळून मोजतो, मला दिसतं.
नको म्हणणारे एकोणतीस.
मोजणाऱ्याचा हात धरत नाहीत,
हे माझ्या पथ्यावरच पडलं.
खिसा फुगलेला होता.

होमराज केटली घेऊन दारात उभा.
सकाळपासून रात्रीपर्यंत
त्या हॉटेलात सगळ्यांत जास्त वेळ तोच असतो,
कप विसळत.
सतरा वर्षांचा आहे, यादीत नाव नाही.
आधी बाहेर जाऊन खोकून आला,
मग दोन्ही बाजूंना सारखाच चहा दिला.

राहिली सयत्राबाई.
खांबाला टेकून, मांडीवर सूप,
तेंदूच्या पानात चिमूटभर जर्दा, एक वळसा, दोरा,
नखानं तोंड मोडलं की पुढची.
मान वर नाही.
"बाई, तुमचा हात?"
"कोणता बावा? दोनी कामात हायेत."

मी तिथंच उभा राहिलो, म्हणून पुढं बोलली.
"हजार भराच्या हायेत, सहाशे झाल्या.
मुनीम छाट काढते, ते डोमाजी घेते.
तिथं बंद झाली तं मी कोणाले इकू?
अन् माया बुढा कायनं गेला
ते बी मले ठाऊक हाय,
रात्रभर पाठ चोळत होती ना मी.
आता तूच सांग,
कोणता हात वर करू?"

मी रजिस्टरात लिहिलं: तटस्थ, एक.
ग्रामसेवकानं खोडलं.
म्हणाला, असा रकाना नसते.

ठराव पास झाला.
पाटी मीच रंगवली, निळ्या ऑइलपेंटनं:
येथे विडी-सिगरेट ओढण्यास मनाई आहे.
'आहे' मावलं नाही, खालच्या ओळीत गेलं,
एकटंच.

दुसऱ्या दिवशी डोमाजीनं चारही बाकडी उचलून
बाहेर कडुलिंबाखाली टाकली.
सगळं गाव तिथं. मोडकूही.
रुषी मात्र आत, भट्टीजवळ उभ्यानं चहा पितो,
म्हणतो, बसाले जागाच नाई ठेवली.
सयत्राबाई संध्याकाळी छाटीची पुडकी
पाटीखालून आत देते, पैसे मोजून घेते.
मी बाकड्याच्या टोकाला,
पाटीकडे पाठ करून.

वारा वस्तीकडून आला
की आमचा सगळा धूर दारातून आत जातो.
होमराज काही बोलत नाही.
धुतलेले कप पालथे घालतो.