उणे पंचेचाळीस

लिम्बाखमध्ये आमच्या गल्लीला अजून मोज्यांचा वास येतो
असं मी म्हणते, आणि येर्डिस हसते.
ती विशीची. मोजे तिने दुकानातच पाहिलेले.

मी सोळाव्या वर्षी मोज्यांच्या कारखान्यात लागले.
एक्क्याण्णवच्या मार्चात यंत्रं किलोवर गेली,
सुया वेगळ्या, ओतीव लोखंड वेगळं.
मधली सात वर्षं मी बेकरीत पाव मोजले.
मग पुन्हा इथेच, त्याच लाल विटांच्या शेडमध्ये.
यंत्र नवं,
धागा काचेचा.

दिसायला रेशीम. पण घरी येतो माझ्याबरोबर,
कोपराच्या वळीत बसून,
आणि रात्री खाजवत राहतो.
गार पाण्याने धुवायचं, ऊन पाण्याने नाही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
येर्डिसला मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

मागावर धागा नमतं घेतो.
याच्या वरून, त्याच्या खालून,
दर वळणाला थोडा वाकतो.
ओढ बसली की आधी सरळ होणार, मग जोर लावणार.
पवनचक्कीला तेवढी सवड नसते.
पातं लवतं न लवतं तोच
पुढचा झोत.

इथे कुणी कुणासाठी वाकत नाही.
एक थर उभा. एक आडवा.
एक उजवीकडे कललेला, अधिक पंचेचाळीस,
एक डावीकडे, उणे पंचेचाळीस.
ओल्या पत्त्यांसारखे एकावर एक.
वाऱ्याचा बाक उभे धागे झेलतात,
पीळ मात्र तिरक्यांनाच कळतो.

आणि मग सुया. हजारावर, एका रांगेत,
खालून वर, वरून खाली,
पॉलिएस्टरचा एक भुरका दोरा घेऊन.
तो दोरा काही पेलत नाही.
राळ येईपर्यंत सगळ्यांना जागच्या जागी धरतो, बस्स.
राळ सुकली की त्याचं काम संपलं.
ताकदीच्या तक्त्यात त्याचं नाव नसतं.
मला तो आवडतो.

चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, रात्रपाळीला
एक सुई मोडली.
माझ्या लक्षात येईपर्यंत अकरा मीटर कापड पुढे गेलेलं,
त्यात बोटाएवढ्या अंतरावरून धावणारी एक रेघ,
टाका नसलेली.
अंगठा फिरवून पाहिला. थर हलले नव्हते.
सुई बदलली. वहीत लिहिलं नाही.
पहाटे साडेचारला माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

फाल्क, माझा मुलगा, दोरावर लटकून पाती दुरुस्त करतो.
समुद्रात, ऐंशी मीटरवर.
परवा त्याने फोटो पाठवला: विजेने फोडलेलं टोक,
घासून घासून पायऱ्या केलेल्या,
एकेक थर उघडा, झाडाच्या वर्तुळांसारखा.
शेजारी त्याचा हातमोज्यातला अंगठा.
खाली लिहिलेलं, *आई, हे तुमच्याकडचं का गं?*

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.
राळेत भिजली की काच काच राहत नाही,
आरपार दिसते, टाकेही त्यातच विरतात.
मी ती रेघ शोधत होते.
नव्हती. किंवा दिसत नव्हती.
वीज कुठेही पडते, असं येर्डिस म्हणाली.
तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं,
मग ती असं का म्हणाली?

काल एका सुईसाठी तिने यंत्र थांबवलं.
चाळीस मिनिटं. पाळीप्रमुख ड्र्येसेल तोंडातल्या तोंडात पुटपुटला.
मी वही पुढे ओढली आणि तिच्या हातात पेन दिलं.

तेवढ्यात फोन. वारा, नुसता वारा,
मग फाल्क, ओरडून:
*ठिगळाची कुठली बाजू वर?*

साखळी दिसते ती पाठ, मी म्हटलं.
नागमोडी दिसते ती पोट.
*काय?*
साखळी! पाठ!
सगळी शेड माझ्याकडे बघत होती.
*आणि तिरका कुठे जातो?*

मी डावा हात हवेत तिरका धरला,
त्याला दिसणार नव्हता तरी.