बुधवारची रात्र

गाडी कालपासून शेडमध्ये स्टँडवर उभी,
मागचं चाक अधांतरी.
मी ते एका हातानं फिरवते,
दुसऱ्यानं साखळीवर तेल सोडते,
थेंब, मग थेंब,
सलाइनचा वेग लावायचे तशी,
न मोजल्यासारखं करून मोजत.

डावी पेटी साडेनऊ किलो. उजवी आठ.
न्हाणीघरातला वजनकाटा इथं आणलाय,
ज्याच्यावर स्वतः उभं राहणं
मी गेल्या हिवाळ्यातच सोडलं.
स्टोव्ह उजवीकडे सरकवला.
ओट्स, चहा, चीजचा जाडा तुकडा डावीकडेच.
पुन्हा काटा, पुन्हा उचलाउचल.
दुपार अशीच गेली.

मर्डो कुंपणाशी आला,
अंगाला ओल्या लोकरीचा वास.
तंबूच्या खुंट्या तळहातावर घेऊन म्हणाला,
"ह्या कसल्या, केसांच्या पिना?
तिथं वर जमीन नाही, इशबेल,
पाणी पिऊन फुगलेलं पीट आहे.
खुंटी लोण्यात जावी तशी जाते
आणि तशीच वर येते.
दोरांना दगड बांध."
मग आभाळाकडे न बघता
वाऱ्याचं भाकीत करून गेला.
भाकितं त्याची कधीच खरी ठरत नाहीत.
दगडांचं मात्र त्याला कळतं.

एकतीस वर्षं ह्या डोंगरांत मी
कुणी बोलावलं म्हणूनच गेले.
पहाटे तीनला फोन,
एका गाडीपुरता रस्ता,
समोरच्याला वाट देण्यापुरता
मधेच पोट काढलेला,
उजेडात हरणांचे डोळे,
आणि शेवटी कुठल्यातरी खिडकीत दिवा.
बाळंतपण. भाजलेला हात.
एकदा नुसताच एक म्हातारा,
चहाला सोबत हवी होती त्याला,
म्हणून छाती दुखते म्हणाला.
दिवा दिसला की समजायचं, पोहोचलो.

उद्याच्या दरीत खिडकीच नाही.
गवतात बुडालेली जोती आहेत फक्त,
मेंढ्यांसाठी माणसं हुसकली तेव्हाची,
आणि त्या घरांची नावं
आई घ्यायची तशी घेणारे
आता मला धरून तिघे.

पेट्रोल पाचच्या आत घ्यावं लागतं.
पंपावरच्या मरेदनं नळी लावता लावता विचारलं,
"कोण आजारी आहे?"
"कुणी नाही."
"मग?"
टाकी भरेपर्यंत दोघी आकडे फिरताना बघत राहिलो.
सुटे परत देताना तिनं
चिलटांच्या मलमाची डबी पुढे केली,
पैसे नको म्हणाली.
वारा पडला की मोहरीहून बारीक ती चिलटं
माणसाला रडवतात,
हे मला सांगायची गरज नव्हती.
तरी घेतली.

रात्री औषधांची पिशवी भरायला बसले,
हात आपोआप चालला:
पट्ट्या, कात्री, बोरिक,
नाळ बांधायचा चिमटा.
चिमटा हातात धरून थांबले.
कुणाची नाळ?
खणात परत ठेवला.
दिवा मालवायला उठले,
आणि वाटेत पुन्हा काढला.
तंबूच्या दोरीला ओले मोजे अडकवायला
होईल, असं स्वतःला सांगितलं.

शेवटी मर्डोसाठी कागद.
मी कुठे असेन ते कुणाला तरी माहीत हवं,
हे मीच आयुष्यभर लोकांना बजावत आले.
सोमवार: धरणाच्या वरच्या अंगाला.
मंगळवार: दोन तळ्यांच्या मधली वाळू.
बुधवार.
पेन टेकलं, शाईचा ठिपका पसरला.
बुधवारपुढे काही लिहिलं नाही.

सकाळी त्यानं कागद उलटा केला,
मागेही काही नव्हतं.
"बुधवारी?"
"बुधवारचं बुधवारी बघू."
त्यानं चाकाकडे पाहिलं, दोरांकडे पाहिलं,
दोन्ही पेट्या हातानं तोलल्या.
मग कागदाची घडी टोपीत खोचली.
"शनिवारी मेंढ्या कातरायच्यात," म्हणाला,
"पाय धरायला माणूस लागतं."