बादलीभर थंडी

पहाटे पाच चाळीसला शाळेचा निरोप: आज बंद.
डलूथचा उतार बसला चढवणार नव्हता,
आणि त्यांची आई कालच्या रात्रपाळीतून सुटलीच नव्हती,
बदलीची नर्स पोचली नाही म्हणे.
म्हणजे मी, दोन मुलं, उणे एकवीस,
आणि संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस.

केयाने कागदाची घडी घातली, तिच्यावर घडी,
मग तिसरी तिरकी, जीभ बाहेर काढून.
"सहाच टोकं हवीत बाबा, खऱ्याला सहाच असतात."
निषादकडे चार वर्षांचा हात आणि बोथट कात्री.
त्याने घडीची पाठच कापली.
उलगडायला गेला तर हातात सुटे तुकडे.
मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो,
तोवर त्याने सगळे छताकडे उडवले
आणि खाली उभं राहून म्हणाला, "पडतंय."

मग कणकेत मीठ मळलं.
करंज्यांचं कातणं, जे दिवाळीनंतर
ड्रॉवरमध्ये जुन्या बॅटऱ्यांशेजारी पडून असतं,
ते आज दुपारपर्यंत राबलं:
नागमोडी काठाचे मासे, नागमोडी बस,
एक नागमोडी आई, स्टेथोस्कोपसकट.

वाटीभर बर्फ आत आणला, मोजायला.
शिगोशीग भरलेली वाटी रेडिएटरपाशी ठेवली;
तळाला उरलं जेमतेम बोटाच्या पेराएवढं पाणी.
"बाकीचं कुणी प्यायलं?" निषादचा संशय माझ्यावर.
केयाची अडचण वेगळीच.
"स्नोला मराठीत काय?"
बर्फ.
"आणि आइसला?"
बर्फ.
ती काही बोलली नाही. पुन्हा विचार कर, अशी मला सवलत दिली.
मी हिम म्हणून पाहिलं, तुषार म्हणून पाहिलं,
दोन्ही शब्द पाहुण्यांसारखे, दारातच, बूट न काढता.
खोवलेलं खोबरं, म्हटलं. पिठीसाखर.
"ते तर खायचं असतं."
मी सांगलीचा. आमच्याकडे बर्फ
लाकडाच्या भुशात, गोणपाटाखाली, हातगाडीवरून यायचा.
त्याला एक नाव पुरून उरायचं.
निषाद वाटीतल्या पाण्यात बोट फिरवत म्हणाला,
"भुरू."
कुणी मत मागवलं नाही. ठरलं.

बादली मात्र सकाळपासून मागच्या पायरीवर.
शेजारच्या आउने लाहती, वय वर्षं ब्याऐंशी,
कुंपणापलीकडून फावड्यानेच दाखवत गेल्या:
पाणी इथवर. झाकायचं नाही. हलवायचं नाही.
सारखं जाऊन बघायचं नाही,
हे मुलांना सांगताना डोळे माझ्यावर.

साडेचारला सूर्य टेकडीमागे गेला.
बादली उपडी केली, वरून कोमट पाणी.
काही नाही.
काही नाही.
धप्प.
काचेची घागर, दोन्ही हातांना जड, वरची बाजू पातळ.
चमच्याने टकटक केलं आणि भळकन पाणी आलं,
दिवसभर एवढ्या थंडीत पाणीच राहिलेलं.
"मधलं का नाही गोठलं?"
थंडी बाहेरून आत जाते, म्हटलं. वेळ लागतो तिला.
"आणि आपण अजून थांबलो असतो तर?"
तर दिवा ठेवायला जागा उरली नसती.
केयाने मान हलवली, पटल्यासारखी नाही, नोंद केल्यासारखी.

बुटकी मेणबत्ती आत सोडली. पायरी पिवळी झाली.
कुंपणापलीकडे लाहतीबाईंच्या खिडकीतला पडदा
जरासा सरकला, परत जागेवर गेला.

सहाला गाडीचे दिवे वळले.
ती उतरली, चोवीस तासांची उभी असलेली,
दिव्याकडे बघत, पायाकडे न बघता.
निषादने दार सताड उघडलं, सगळं ऊन घर बाहेर सांडलं,
आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,
"आई, थांब! वर नुसता भुरू आहे,
खाली बर्फ आहे!"
तिला अर्धंच कळलं.
पण पाय तिने जपून टाकला.