शेवटचं स्टेशन

धुळ्यात रूळ संपतात.
पुढे मातीचा ढीग, वेडी बाभूळ,
तिच्यावर कुणी वाळत घातलेला परकर.

गाडी वळत नाही इथं.
ड्रायव्हरच डबा, पाण्याची बाटली उचलून
या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो.
मागचं पुढं होतं तेवढ्यात.

भामरेबाई एकवीस वर्षं
चाळीसगावच्या कोर्टात दुसऱ्यांच्या तारखा टाइप करायच्या.
काल पास संपला.
तरी आज सहालाच बाकावर.

“कथा चालनी, माय?”
शेंगावाली विचारते.
“कुठंच नाही गं. अक्कलपाड्याहून पाणी सोडलंय म्हणे.
पांझरा मी अंधारातच पाहिली,
जातानाही, येतानाही.”

भोंगा होतो.
सवयीनं त्या उठतात,
दोन पावलं चालतात डब्याकडे,
थांबतात. पदर खोचतात.
पूल दुसऱ्या बाजूला आहे.