कुणाचंच नाही

वाशीच्या धारण तलावाकाठी, पंप हाऊसच्या वरच्या खोलीत
डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली.
मी विचारलं: कुणालाच लागत नाही असं काय काय आहे?
यंत्रानं एकशे सेहेचाळीस नावं सांगितली,
पंचनाम्यासारखी, आवाज न चढवता.

आधी नुसती तालीम.
पुसू नकोस, पुसलं तर काय जाईल तेवढं दाखव.
मग कागद, पेन्सिल, एकेक खूण:
ही त्या प्रिंटरची, जो सानपाड्याच्या भंगारात गेला.
ही आवाजाची. इथे स्पीकर कधी नव्हताच.

सत्त्याण्णवाव्या नावाशी पेन्सिल थांबली.
लिबभरती.
वहीत तिला मागणारं कुणी नाही.
पण वहीत तर हरेश्वर भोईरांचा प्रोग्रॅमही नाही,
जो त्यांनी निवृत्तीच्या आदल्या दिवाळीत
स्वतः बांधला, आणि नोंद न करता
कोपऱ्यातल्या फोल्डरात ठेवून दिला.

त्यालाच विचारलं, बाबा, तुला काय लागतं?
बारा ओळी. सातवी: लिबभरती.

रोज रात्री दीडला तो उठतो,
खाडी किती वाजता चढेल ते मोजतो,
खालच्या दीनानाथला झडपेची वेळ देतो
आणि पुन्हा झोपतो. नऊ वर्षं.

तिच्यापुढे मी लिहिलं, राहू दे. हिला मी ठेवलंय.
भोईरांना फोन करावासा वाटला;
पावणेबारा वाजले होते.

बाकीच्याही पुसल्या नाहीत अजून,
बाजूला नेऊन ठेवल्यात.
एक अमावास्या, एक पौर्णिमा
जाऊ दे त्यांच्यावरून.
उधाणाला कळतं
कोण कुणाला धरून होतं.